स्वामी रामानंद तीर्थ आणि हैदराबाद संस्थानातील मताचा हक्क

सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावोगावी शाळेपुढे झेंडा उभारला जातो, मुले रांगेने उभी राहतात, आणि वडीलधारी माणसे जुन्या दिवसांविषयी दोन शब्द बोलतात. त्या दिवशी ज्या पुरुषाचे नाव घेतल्यावाचून भाषण पुरे होत नाही ते स्वामी रामानंद तीर्थ होत. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठासही त्यांचेच नाव दिलेले आहे. तथापि आमचा अनुभव असा आहे की, त्यांचे नाव पुष्कळांस ठाऊक असून चरित्र फार थोड्यांस ठाऊक आहे. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील व्हावे म्हणून ते झगडले, एवढेच बहुतेकांस माहीत असते. परंतु प्रत्येक वयात आलेल्या माणसास मत असावे, आणि त्या मताने निवडलेल्या लोकांनीच राज्य चालवावे, ही त्यांची मागणी त्याहून जुनी होती. आणि तिची खरी कसोटी लागली ती गावे जळत असताना व माणसे जीव मुठीत धरून पळत असताना. अशा वेळी मते घ्यावीत किंवा कसे, आणि घेतल्यास ती कोणत्या अटीवर घ्यावीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे एकदा नव्हे तर तीन वेळा उभा राहिला. म्हणून आम्ही त्यांचे चरित्र विशेषेकरून ह्या अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, कर्नाटकाच्या सीमेवरील मुलखात, सामान्य स्थितीच्या कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते सोलापुरास आले. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळक वारले, तेव्हा ह्या सोळा वर्षांच्या मुलाने आपण लग्न न करता देशाच्या कामी आयुष्य घालवू असा निश्चय केला. अशा वयात असे निश्चय पुष्कळ मुले करतात. ह्याने तो पाळला, एवढाच काय तो फरक. असहकारितेच्या चळवळीत सरकारी शाळा सोडून ते अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थांत शिकले, आणि पुढे काही काळ कामगारांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. गिरणीतील मजुराचे दुःख कागदावर कसे मांडावे, सभा कशी चालवावी, ठराव कसा लिहावा, ही विद्या त्यांनी तेथे संपादिली. मध्यंतरी कठीण दुखणे आले. त्यातून उठल्यावर निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा ह्या खेड्यातील राष्ट्रीय शाळेवर ते शिक्षक म्हणून आले. संन्यास त्यांनी तेथेच घेतला व रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. १९३५ साली ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, शाळेच्या कामासाठी गेले.

संन्याशाने मठात बसावे की शाळेत, असा प्रश्न कोणी विचारील. ह्या संन्याशास दोन्ही ठिकाणी फार दिवस बसता आले नाही, आणि त्याचे कारण समजण्यासाठी त्या काळचे हैदराबाद संस्थान कसे होते ते सांगितले पाहिजे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा तो मुलूख. १९४१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात भरली. सोळा जिल्हे, त्यांत आठ तेलुगू, पाच मराठी व तीन कानडी. आपला मराठी मुलूख म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे. लातूर हे त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. शेकडा ऐंशींहून अधिक प्रजा हिंदू होती, राजा मुसलमान होता, आणि राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. ह्यात राजाचा धर्म कोणता हा मुद्दा आम्ही मुख्य मानीत नाही. हिंदू राजांच्या संस्थानांतही रयतेस मत नव्हतेच. मुख्य मुद्दा असा की, येथे परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. गश्ती निशान ५३ ह्या नावाचा एक सरकारी हुकूम होता. त्याअन्वये साधे व्याख्यान ठेवावयाचे तरी तालुकदाराच्या कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. जागीरदारांच्या गावांत तर जागीरदाराचा शब्द हाच कायदा होता, आणि वेठबिगार ही नित्याची गोष्ट होती.

अशा राज्यात लोकांनी प्रथम भाषेच्या नावाने परिषदा भरविण्यास आरंभ केला. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले, दुसरे १९३८ साली लातुरास. ह्याच सुमारास स्वामीजींनी शाळा सोडली व ते परिषदेच्या कामात सर्वस्वी पडले. जबाबदार राज्यपद्धती हा शब्द लातूरच्या बाजारपेठेत व नांदेडच्या वकिलांच्या बैठकीत ऐकू येऊ लागला तो ह्याच दिवसांत. त्याचा अर्थ एवढाच की, दिवाण राजास जबाबदार न राहता लोकांनी निवडलेल्या सभेस जबाबदार असावा. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्था नीट स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिजवर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आणि स्वामीजी पहिल्याच आठवड्यात एक तुकडी घेऊन तुरुंगात गेले. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबविण्यात आला, तरी बंदी उठली नाही. ती जवळजवळ आठ वर्षे चालली. संस्थेचे नाव बदला म्हणजे परवानगी देऊ, असे सरकारचे म्हणणे होते. नाव बदलण्यास हे लोक तयार नव्हते. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात व १९४२ च्या चळवळीत स्वामीजी पुन्हा तुरुंगात होते. १९४६ च्या जुलैत बंदी उठली आणि स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली. मवाळ पक्षाचे उमेदवार बी. रामकृष्णराव हे होते. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. मताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या ह्या पुरुषाच्या आयुष्यातील ही पहिली मोठी निवडणूक. आपल्याच पक्षातील जवळजवळ निम्म्या लोकांस आपण नको आहो, हे तिने त्यास दाखवून दिले.

आता पहिला प्रश्न उभा राहिला. निजाम सरकारने काही वर्षांपूर्वी राज्यकारभाराच्या सुधारणांची एक योजना जाहीर केली होती. महायुद्धामुळे ती मागे पडली होती. ती आता थोडी वाढवून अंमलात येणार होती. एक कायदेमंडळ होणार होते, त्यातील काही सभासद निवडून येणार होते. वरवर पाहता ह्यात वाईट ते काय? परंतु योजना बारकाईने पाहिली म्हणजे तिचे स्वरूप कळत असे. मत प्रत्येक माणसास नव्हते. ते धंद्यावार होते. जागीरदार, जमीनदार, व्यापारी, वकील, वैद्य, पदवीधर, शेतकरी, मजूर अशा वर्गांस वेगवेगळ्या जागा वाटून दिल्या होत्या, आणि ज्याच्यापाशी काही नाही त्यास बहुधा मतही नव्हते. निवडावयाच्या जागा हिंदू व मुसलमान ह्यांत समसमान वाटलेल्या होत्या, मग लोकसंख्या कशीही असो. आणि एवढे करूनही मंत्रिमंडळ कायदेमंडळास जबाबदार नव्हते. ते राजासच जबाबदार राहावयाचे होते.

स्टेट काँग्रेसमध्ये दोन मते पडली. मवाळांचे म्हणणे असे की, जे मिळते ते घ्यावे, आत शिरावे व आतून झगडावे. ह्या म्हणण्यात अर्थ नव्हता असे आम्हांस वाटत नाही. ब्रिटिश मुलखात १९३७ साली काँग्रेसने अपुऱ्या कायद्याखाली निवडणुका लढविल्याच होत्या. स्वामीजींचा पक्ष असे म्हणे की, ज्या मतपेटीत रयतेचे मतच पडावयाचे नाही तीस आपण हात लावला तर ती खरी आहे अशी आपणच साक्ष दिली असे होईल. शेवटी बहिष्कार ठरला. निवडणुका झाल्या, स्टेट काँग्रेस बाहेर राहिली, आणि १९४७ च्या फेब्रुवारीत ते कायदेमंडळ भरले. मुसलमानांच्या जागांवर इत्तेहादुल मुसलमीन ह्या संस्थेचे वर्चस्व झाले. त्या संस्थेचा नवा अध्यक्ष लातूरचा एक वकील होता. त्याचे नाव कासीम रझवी.

बहिष्कार हे दुधारी शस्त्र आहे. ह्याच वर्षी, १९४६ च्या मार्चमध्ये, ग्रीस देशात निवडणूक झाली; तेथे कम्युनिस्टांनी व त्यांच्या मित्रांनी तीवर बहिष्कार घातला, दुसरा पक्ष निर्वेध निवडून आला, आणि तीन वर्षे त्या देशात भावाने भावास मारिले. हैदराबादेतही बहिष्कारानंतर सभागृहात रयतेच्या बाजूने बोलणारा बळकट पक्ष राहिला नाही, व वाद रस्त्यावर आला, हे खरेच आहे. परंतु आम्ही स्वामीजींस दोष देण्यास कचरतो, कारण रस्त्यावरचा प्रकार निवडणुकीपूर्वीच सुरू झाला होता. १९४६ च्या ऑक्टोबरात नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यात, अर्जापूरजवळ, गोविंदराव पानसरे ह्या कार्यकर्त्याचा खून झाला. जेथे उमेदवार म्हणून गावात जाणाऱ्याने जिवंत परत येण्याची खात्री नाही तेथे प्रचार तो कसला व्हावा?

१९४७ च्या जूनमध्ये हैदराबाद शहरात मुशिराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे व जबाबदार राज्यपद्धती द्यावी, अशी मागणी तेथे अध्यक्ष ह्या नात्याने स्वामीजींनी मांडली. निजामाने आपण स्वतंत्र राहणार असे ठरविले होते. ७ ऑगस्ट हा संघराज्यात सामील होण्याचा दिवस म्हणून पाळण्यात आला, आणि १५ ऑगस्टच्या पहाटे, सगळा देश जागा असताना, स्वामीजींस पकडण्यात आले. २९ नोव्हेंबर रोजी हिंदुस्थान सरकार व निजाम ह्यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्या सुमारास त्यांची सुटका झाली. पुढल्या जानेवारीत ते पुन्हा तुरुंगात गेले, ते संस्थान शरण येईपर्यंत बाहेर आले नाहीत. ज्या आठ महिन्यांच्या गोष्टी मराठवाड्यातील आजेआजोबा सांगत असत, ते आठ महिने हा पुढारी चार भिंतींच्या आत होता, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

बाहेर काय चालले होते? रझाकार नावाचे इत्तेहादचे स्वयंसेवक दळ गावोगाव फिरत होते. जेथे झेंडा लागला, जेथे करोडगिरीची नाकी मोडली, जेथे सारा भरण्यास लोकांनी नकार दिला, तेथे ते व संस्थानचे पोलीस जात. लूट होई, घरे जळत, खून पडत. नांदेडकडील लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले, लातूर व उस्मानाबादकडील बार्शी व सोलापुरास गेले. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची ठाणी उघडली. तेथे पळून आलेल्यांस अन्न मिळे, आणि तरुणांस बंदूकही मिळे. ही दुसरी गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींचा दिल्लीस खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक ह्या ठाण्यांतील लोकांनी लुटली व वीस लाखांहून अधिक रुपये नेले. उदगीर तालुक्यात हत्तीबेटाच्या डोंगरावर सशस्त्र तरुणांनी तळ दिला होता. पूर्वेकडे तेलंगणात कम्युनिस्टांची वेगळीच लढाई चालू होती. तेथील शेतकरी देशमुखांच्या व निजामाच्या विरुद्ध हत्यार घेऊन उठले होते. स्वामीजी अहिंसा मानीत, आणि तरी त्यांच्या संस्थेच्या ठाण्यांत बंदुका होत्या. आम्ही ह्याचा निवाडा करू इच्छीत नाही. ज्याच्या दारात रझाकार आला नाही त्याने ज्याच्या दारात आला त्यास शिकवू नये, एवढे मात्र म्हणतो.

अशा स्थितीत दुसरा प्रश्न आला. १९४८ च्या जूनमध्ये गव्हर्नर जनरल माउंटबॅटन परत जाण्यापूर्वी दिल्लीने निजामापुढे एक मसुदा ठेविला. त्यात असे होते की, हैदराबादेने हिंदुस्थानात सामील व्हावे किंवा नाही ह्याविषयी सर्व प्रौढ लोकांची मते घ्यावीत. मध्यंतरी एक हंगामी सरकार यावे. लवकरच घटनासमिती निवडावी. आणि रझाकारांस आवरावे. दिल्लीच्या काही पुढाऱ्यांस ह्या अटी फारच सौम्य वाटल्या. तरी निजामाने व त्याचा दिवाण मीर लायक अली ह्याने मसुद्यास संमती दिली नाही. ह्या नकारात एक कबुलीच होती, असे आम्हांस वाटते. ज्यास आपली प्रजा आपल्या बाजूस आहे अशी खात्री असते तो मते मोजण्यास भीत नाही.

ह्या ठिकाणी अमेरिकेतील अब्राहाम लिंकन ह्यांची गोष्ट आठवते. त्यांच्या देशात यादवी युद्ध चालू असता १८६४ साली अध्यक्षाची निवडणूक आली. युद्ध संपेपर्यंत ती पुढे ढकलावी असे सुचविणारे लोक होते. लिंकन ह्यांनी ते ऐकिले नाही. ऑगस्टमध्ये आपण पडणार असे त्यांस जवळजवळ वाटत होते. तसे घडल्यास नव्या अध्यक्षास साह्य करण्याचे वचन त्यांनी एका कागदावर लिहिले व तो मिटलेला कागद आपल्या मंत्र्यांपुढे ठेवून, आत काय आहे ते न दाखविता, त्यांच्या सह्या घेतल्या. नोव्हेंबरच्या ८ तारखेस मते पडली. कित्येक राज्यांतील शिपायांनी छावणीत मते दिली. लिंकन मोठ्या बहुमताने निवडून आले. पण एक गोष्ट विसरू नये: बंडखोरांच्या ताब्यातील मुलखात ती निवडणूक झालीच नाही. युद्धात जो मुलूख आपल्या ताब्यात असतो तेथेच मतपेटी ठेविता येते. हैदराबादेत १९४८ साली सत्ता निजामाची, पण खेड्यांतील भीती रझाकाराची, तेलंगणातील रात्र कम्युनिस्टांची व सरहद्दीची पट्टी काँग्रेसच्या तरुणांची, अशी दशा होती. मते घ्यावयाची ठरली असती तरी ती पेटी कोणी राखली असती?

सप्टेंबरच्या १३ तारखेस हिंदी फौजा संस्थानात शिरल्या व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. स्वामीजी सुटले. लोकांनी त्यांचे स्वागत केले ते वर्णन करण्याचे कारण नाही.

त्यानंतर जे घडले त्याविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण झेंड्याच्या दिवशीच्या भाषणांत ते सहसा येत नाही. रझाकारांचे राज्य मोडल्यावर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगविण्यात आला. ज्यांनी कधी रझाकारांचा झेंडा धरिला नव्हता असे विणकर, दुकानदार, कुळवाडी मारले गेले. बायकापोरे विहिरींत पडली. पंडित सुंदरलाल ह्यांच्या मंडळाने सरकारच्या सांगण्यावरून दौरा केला व आपला अहवाल दिला. तो कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. त्या मंडळाचा अंदाज असा होता की, संस्थानात २७ हजार ते ४० हजार माणसे मेली. लातूर हे रझवीचे गाव, म्हणून तेथे सूड अधिक. तेथील मारहाण वीस दिवसांहून अधिक चालली, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळास गावात जेमतेम तीन हजार आढळले, असे अहवालात आहे. रझवीच्या पापाचे माप त्याच्या शेजाऱ्यांच्या पदरात पडले. त्याच काळात इमरोज पत्राचे संपादक शोएबुल्लाखान ह्यांनी मुसलमान असून संघराज्याची बाजू लेखणीने मांडली होती व ऑगस्टमध्ये त्याबद्दल प्राण दिला होता. परंतु जमावास असला भेद कळत नाही.

तिसरा प्रश्न आता येतो, आणि तोच सर्वांत लांबला. जनरल चौधरी ह्यांचा लष्करी अंमल १९४९ अखेरपर्यंत चालला. जागीरदारी त्याच वर्षी मोडली. हैदराबादेची स्वतंत्र घटनासमिती प्रौढ मतदानाने निवडावी असा आरंभी विचार होता, व मतदारांच्या याद्यांचे काम हाती घेण्यात आले होते. पण नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने हिंदुस्थानची घटना आपल्या संस्थानास लागू असल्याचे फर्मान काढले, आणि ती समिती भरलीच नाही. १९५० च्या आरंभी वेल्लोडी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. काँग्रेसचे काही मंत्री त्यांच्या हाताखाली आले. म्हणजे ज्यांनी जबाबदार राज्यासाठी तुरुंग भोगला त्यांच्यावर राज्य आले ते कोणी न निवडलेल्या माणसाचे. स्टेट काँग्रेसमधील जुनी दुफळीही पुन्हा वर आली. तेलंगणात तर लढाई थांबलीच नव्हती; निजाम गेल्यावर ती हिंदी फौजेशी चालू राहिली. १९५१ च्या एप्रिलात विनोबाजी त्या भागातून पायी गेले व पोचमपल्ली येथे त्यांस १०० एकर जमिनीचे पहिले दान मिळाले, ते ह्याच धुमाकुळात.

अशा स्थितीत सार्वत्रिक निवडणूक जवळ आली. तेलंगणात पोलीस व बंडखोर एकमेकांवर गोळ्या झाडीत असताना तेथे मते घ्यावीत काय? ती घेतली गेली. १९५१ च्या ऑक्टोबरात कम्युनिस्टांनी हत्यारी लढा मागे घेतला. त्यांच्या पक्षावर हैदराबादेत बंदी होती, म्हणून त्यांनी लोकशाही आघाडी ह्या अर्थाच्या नावाने उमेदवार उभे केले. काही उमेदवार आदल्या वर्षापर्यंत रानात लपत होते.

जुन्या माणसांस त्या मतदानाची रीत आठवत असे. नव्यांस सांगितली पाहिजे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे व तिजवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे वडाचे झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदाराने कागदावर काही खूण करावयाची नव्हती. पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकावयाचा, एवढेच. बोटास शाई लावीत. अक्षरशत्रू मनुष्यासही मत देता यावे म्हणून ही युक्ती. वयाची अट २१ वर्षे. जमीन, धंदा, शिक्षण, धर्म ह्यांची कोणतीच अट नाही. निजामाच्या योजनेत ज्या चाळण्या होत्या त्यांपैकी एकही नाही. नांदेडचा लोकसभेचा मतदारसंघ दोन सभासदांचा होता व त्यातील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती, म्हणून तेथील प्रत्येक मतदारास दोन मते होती. ज्या मनुष्यास पाच वर्षांपूर्वी पाटलाच्या ओट्यावर बसण्याची परवानगी नव्हती तो पाटलाच्याच रांगेत, त्याच्या मागे किंवा पुढे, उभा राहिला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र खेदाची गोष्ट घडली. देशात पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले, आणि अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली.

हैदराबादेच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी ९३ काँग्रेसला मिळाल्या व ४२ लोकशाही आघाडीला. नलगोंड्याहून रवी नारायण रेड्डी हे लोकसभेवर निवडून आले, ते पंडित नेहरूंहूनही अधिक मते घेऊन. ज्यांस सरकार काल शोधीत होते ते आज सभागृहात समोर बसले. १९५२ च्या मार्चमध्ये रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, म्हणजे १९४६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत स्वामीजींशी हरलेले तेच गृहस्थ. स्वामीजींस राज्यात मंत्रिपद मिळविता आले नसते असे नव्हे. पण ते गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून गेले व दिल्लीस साध्या सभासदाच्या बाकावर बसले. त्यांचे कित्येक अनुयायी ह्यामुळे नाराज होते.

पुढील काळात त्यांनी भाषावार प्रांतरचनेचा आग्रह धरला. ज्या संस्थानासाठी आयुष्य वेचले तेच तीन तुकडे करून तीन भाषांच्या राज्यांस द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९५७ साली ते औरंगाबादेहून पुन्हा लोकसभेवर गेले, आणि ती मुदत संपल्यावर निवडणुकीच्या राजकारणातून निघाले. शिक्षणाचे काम त्यांनी कधी सोडले नव्हते. नांदेड येथे १९५० साली निघालेल्या पीपल्स कॉलेजाच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांपैकी पी. व्ही. नरसिंहराव हे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले.

आपल्या झगड्याच्या आठवणी स्वामीजींनी इंग्रजीत लिहिल्या, त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे, वयाच्या ६९ व्या वर्षी, ते निवर्तले. त्या शहरात बेगमपेठ येथे त्यांचे स्मारक आहे.